सुदृढ बालक, पहिला क्रमांक

सव्वीस जानेवारी, झेंडावंदन आटोपल्यावर, सकाळचे साडेदहा. रक्कम पाच हजार एक रुपये. हजर: माजी जिल्हा परिषद सदस्य, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, आमचे प्रकल्प अधिकारी, म्हणजे साहेब, एका खाजगी नर्सरीच्या संचालिकाबाई, कार्यक्रम होता त्या बजाजनगरच्या अंगणवाडीच्या सेविका नसीमआपा, मुलं, त्यांच्या आया, आणि वजनकाट्याच्या टेबलाशी मी. गोष्ट दोन वर्षांपूर्वीची.

रक्कम थर्मोकोलच्या चार फुटी चेकवर लिहिली होती. त्यावर बँकेचं नाव नव्हतं, सही नव्हती, तारीख नव्हती. आकडा होता आणि आकड्यापेक्षा मोठा भाऊसाहेबांचा फोटो होता. खरा चेक मागाहून येणार, असं माइकवर सांगितलं गेलं. मी घरचा हिशेब स्वतः लिहिते. मागाहून येणारे पैसे मी आल्यावरच लिहिते.

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. निवृत्तीला थोडी वर्षं उरली आहेत. घर चिकलठाण्याला आणि अंगणवाड्या वाळूजच्या बाजूला, म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला रोज स्कूटर. कुणी विचारलं काय करता, आणि मी अंगणवाडी म्हटलं, की माणूस लगेच म्हणतो, "हां, खिचडीवाल्या." मी दुरुस्ती करत नाही. ज्याला सहा वर्षांच्या आतलं मूल म्हणजे फक्त एक पोट वाटतं, त्याला दोन मिनिटांत काय सांगणार?

वाचकांना मात्र सांगते. आमचं काम तीन गोष्टींचं. मुलाला खाऊ घालणं, त्याची वाढ मोजणं, आणि शाळेत जाण्याआधी त्याचे हात, जीभ आणि डोकं चालतं करणं. पहिली गोष्ट लोकांना दिसते. दुसरी आम्ही वजनं भरतो त्या सरकारी ॲपला दिसते. तिसरी कुणालाच दिसत नाही. बजाजनगरमधले कंपनीवाले बाप मुलाला सोडायला येतात आणि विचारतात, "एबीसीडी कधी घेणार? इथं तर नुसतं खेळवतात." तीन वर्षांच्या मुलाला खडूच्या रेषेवरून तोल सांभाळत चालता येत नाही, मणी ओवता येत नाहीत, स्वतःचं नाव सांगताना ते आईच्या पदरात तोंड लपवतं, आणि बापाला एबीसीडी हवी आहे. असे बाप मग नर्सरीत जातात. तिथं मुलाच्या गळ्यात ऐन मेमध्ये टाय बांधतात, त्याच्या नावाची वही आईकडून भरून घेतात, आणि बाप फी भरून समाधानानं घरी येतो.

आयांबद्दलही मला फार कौतुक नाही. घरी नेण्यासाठी आहाराची पाकिटं देतो, ती कशी वाटतात असं मी एकीला विचारलं होतं. ती म्हणाली, "चांगली असत्यात मॅडम. म्हैस लई आवडीनं खाते." आणि सेविकांचं विचाराल तर, वरिष्ठांची भेट असली की शेजारच्या अंगणवाडीतून मुलं उसनी आणतात. एका भेटीत एकच लाल स्वेटर मला तीन अंगणवाड्यांत भेटला. तिसऱ्या ठिकाणी त्या स्वेटरनं मला ओळखून टाटा केला. साहेबांच्या काही लक्षात आलं नाही. साहेब हजेरी बघतात, मुलं बघत नाहीत.

मापाचं मात्र मी कुणाचं ऐकत नाही. आमचं किराणा दुकान आहे. माझ्या पर्समध्ये किलोचं लोखंडी माप असतं, वजनमाप खात्याचा शिक्का असलेलं. ज्या अंगणवाडीत जाईन तिथल्या काट्यावर आधी ते ठेवते. काटा बरोबर एक दाखवतो की नाही ते बघते, मगच मूल उभं करते. सेविका मला माघारी "मापवाली" म्हणतात. मला चालतं. याहून वाईट नावं पडलेल्या पर्यवेक्षिका मला माहीत आहेत.

तर त्या दिवशी सुदृढ बालक स्पर्धा होती.

ही स्पर्धा कशी होते ते सांगते. आया मुलांना नवे कपडे घालतात, काजळ लावतात, डोक्याला इतकं तेल लावतात की कपाळावर ओघळ येतात. मुलं ओळीनं उभी करतात. पाहुणे ओळीतून फिरतात आणि गाल ओढतात. ज्याचा गाल जास्त ओढला जातो त्याचा नंबर. मी परीक्षणासाठी लसीकरण, वयाप्रमाणे उंची, बोलणं, दात असे रकाने आखून दिले होते. साहेबांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. "मॅडम, पाहुण्यांना इतका वेळ नसतो. वजन जास्त, मार्क जास्त. सोपं ठेवा." जनावरांच्या बाजारात बैल घेतानासुद्धा गिऱ्हाईक दात बघतं, चालवून बघतं. इथं तेवढीही तसदी नव्हती.

रुद्र नावाचा मुलगा काट्यावर चढला. वय तीन वर्षं चार महिने. गोरा, गोल, गुबगुबीत. पायात चमकणारे बूट आणि मोजे, अंगात स्वेटर. वजन पंधरा किलो नऊशे ग्रॅम.

नसीमआपांनी मागचे आकडे वाचले. नोव्हेंबरात बारा सहाशे, डिसेंबरात तेरा चारशे.

"परत सांगा."

त्यांनी परत सांगितले. मी रुद्रला खाली उतरवलं आणि काट्यावर माप ठेवलं. काट्यानं एक दाखवला. बूट-स्वेटर अर्ध्या किलोचे धरले तरी हिशेब लागत नव्हता. या वयाचं मूल वर्षाकाठी दोनेक किलो वाढतं. महिन्याला दीडशे, फार तर दोनशे ग्रॅम. हा पोरगा एका महिन्यात अडीच किलोनं वाढला होता. इतकं तर पोळ्याच्या आधीचा बैलही वाढत नाही.

"काटा ठीक है मॅडम," नसीमआपा हळूच म्हणाल्या. "मैं सुबह खुद चढी थी. मेरा वजन जितना है उतनाच दिखाया, जरा भी शरम नै की."

"आपा, मग हे मूल ठीक नाही."

त्यांनी रुद्रच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली पिशव्या होत्या. थंडीत बजाजनगरमधली निम्मी पोरं सर्दीनं तशी दिसतात, म्हणून कुणाच्या डोळ्यात भरलं नव्हतं. पण तोवर साहेबांनी आकडा माइकवर वाचला होता. "एका महिन्यात अडीच किलो वाढ! टाळ्या झाल्या पाहिजेत." टाळ्या झाल्या. भाऊसाहेबांनी या वाढीचं श्रेय पोषण आहाराला दिलं, मग स्वतःला दिलं. संचालिकाबाईंनी रुद्रचा गाल ओढला आणि म्हणाल्या, "सो क्यूट." गालावर बोटांचे ठसे राहिले. त्यांनी हात रुमालाला पुसला.

पहिला नंबर रुद्र. दुसरा भाऊसाहेबांच्या भाच्याचा मुलगा. रुद्रच्या बापाला, ज्ञानेश्वरला, स्टेजवर बोलावलं. तो थर्मोकोलचा चेक त्यानं एका हातात आणि पोराला दुसऱ्या हातात धरलं. फोटो झाले.

फोटो संपल्यावर मंडपाच्या मागं, पाण्याच्या टाकीपाशी, मी रुद्रची आई रेखा हिला थांबवलं. रुद्रचा बूट आणि मोजा काढला. मोज्याचं रबर पायात इतकं रुतलं होतं की पायाला बांगडी घातल्यासारखी खाच पडली होती. मी नडगीवर अंगठा दाबून धरला, दहा आकडे मोजले आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. कणकेच्या गोळ्यावर राहतो तसा. दुसरा पाय बघितला, तोही तसाच. ही सूज होती, अंगात पाणी साचलेलं. वाढ बिढ काही नव्हती.

"शूला कसा जातो?"

रेखानं आजूबाजूला बघितलं. "कमी जातो मॅडम. अन् फेस येतो. सर्फ टाकल्यावानी." मग घाईनं म्हणाली, "महिन्यात दोनदा बूट घेतले. बसंनातच. शेजारची म्हणली, पोरगं अंग धरतंय, कुनाला बोलू नको, नजर लागंल."

"आजच्या आज मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या."

"त्यान्ला विचारते," ती म्हणाली. त्यान्ला म्हणजे नवऱ्याला. नवरा तेव्हा चेक मोटारसायकलवर कसा न्यायचा या विचारात होता.

मी साहेबांकडे गेले. ते गाडीत बसत होते. मी सांगितलं, पहिला आलेला मुलगा आजारी आहे, सूज आहे, लगेच पाठवायला हवा, आपल्या गाडीनं सोडू.

"मॅडम, आत्ता निकाल जाहीर केलाय आपण."

"निकालाचं काही नाही साहेब, मुलाचं म्हणते."

"फोटो ग्रुपवर गेले. जिल्ह्यातून अंगठे आलेत." त्यांनी मला मोबाइल दाखवला. खरंच अंगठे आले होते, एकाखाली एक, पिवळे. "आता मी लगेच दुसरा मेसेज टाकू, की पहिला आलेला पेशंट आहे म्हणून? आठ-दहा दिवस जाऊ द्या. तुम्ही पण ना, अंगठा दाबायची फार हौस तुम्हाला."

इतक्या अंगठ्यांमधला एकही त्या पोराच्या पायावर पडला नव्हता. मी एवढंच म्हटलं की मी माझ्या जबाबदारीवर पाठवते. ते म्हणाले, "पाठवा. लेखी मात्र काही नको." गाडी गेली.

संध्याकाळी नसीमआपांना घेऊन मी रुद्रच्या घरी गेले. बजाजनगरच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्या. थर्मोकोलचा चेक टीव्हीला टेकवून उभा केला होता, त्यामुळं टीव्हीचं अर्धं तोंड झाकलं होतं. ज्ञानेश्वर एका कंपनीत कंत्राटावर आहे. गाव वैजापूरच्या बाजूला, घरची थोडी शेती भाऊ बघतो. मी बसायच्या आत त्यानं मोबाइल पुढं केला. भावानं गावच्या फाट्यावर फ्लेक्स लावला होता. रुद्रला गॉगल घातला होता, मागं सिंह होता, खाली शुभेच्छुकांची रांग होती.

"दुपारपस्तोर लागला बी," तो म्हणाला. "आमच्या गावात पयल्यांदाच कुनाचा पैला नंबर आला मॅडम. पाहुन्या-रावळ्यांचे फोन चालू हायेत."

मी त्याला सूज, खड्डा, फेस सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "दोन नंबरवाल्यांनी धाडलं का तुम्हाला?"

नसीमआपांना हसू आवरेना. मला आलं नाही. तीस वर्षं मुलांची वजनं केली, लाच घेतल्याचा संशय पहिल्यांदाच आला, तोही थर्मोकोलसाठी.

"तसं नाय म्हनत," तो जरा वरमला. "पन सकाळी तुम्हीच सगळ्यांनी मिळून त्याला सुदृढ म्हनलं. सायबांनी माइकवर म्हनलं. अन् सांजच्याला तुम्हीच म्हनता दवाखान्यात भरती करा. मी कोनाचं धरू?"

त्या दिवशीचा तो एकमेव बरोबर प्रश्न होता.

"अन् मॅडम," तो पुढं म्हणाला, "भरती म्हंजी माझे खाडे. कंत्राटदार चार खाडे झाले की दुसरा मानूस लावतो. सूज हाय का खाऊन झालाय ते आठ दिवसांनी बघू की."

"भाईजान, आठ दिन में बच्चे के पेट में पानी भर गया तो?" नसीमआपा म्हणाल्या.

"आपा, तुमीच तर दर मैन्याला म्हनत व्हत्या, वजन वाढवा, वजन वाढवा. वाढलं तर आता म्हनता कमी करा."

रेखा दारात उभी होती, रुद्र तिच्या पायाशी बसून बिस्किट चाटत होता. त्याचे डोळे सकाळपेक्षा बारीक झाले होते. मला उठून जायचं नव्हतं. म्हणून मी सहज विचारावं तसं विचारलं, "ज्ञानेश्वरराव, कंपनीत तुम्ही काय करता?"

"क्वालिटीला हाय."

"म्हणजे?"

"पीस तपासायचा. गेजमधी बसला तर पुढं. नाय बसला तर बाजूला काढायचा."

"रोज ठरल्या मापाचा येणारा पीस एक दिवस जाड आला, तर काय करता? माल जास्त मिळाला म्हणून पेढे वाटता?"

त्यानं मोबाइल खाली ठेवला.

"मशीन थांबवतो," तो म्हणाला.

"आणि सुपरवायझर म्हणाला, चालू ठेव, फोटो काढून झालेत?"

"माझी सही असती पीसवर. मी नाय सोडत."

"मग बघा तुमचा पीस. माझं ऐकू नका. साहेबांचंही ऐकू नका. स्वतः मापा."

तो उठला. रुद्रला मांडीवर घेतलं, पायजमा वर केला आणि अंगठा दाबला. उचलला. बघितलं. दुसऱ्या पायावर दाबला. मग पाठीवर, कमरेच्या वर, जिथं मी स्वतः दाबलं नव्हतं. तिथंही खड्डा पडला. तिन्ही खड्डे भरायला किती वेळ लागतो ते तो बघत बसला. कारखान्यात माणूस असाच बघत असेल. रुद्रला गुदगुल्या होत होत्या, तो हसत होता.

"रेखा," तो म्हणाला, "पिशवी भर."

त्यानं मोटारसायकल काढली. मी म्हटलं, रिक्षा करा, थंडी आहे. रिक्षा नसीमआपांच्या दिरानं आणली.

वॉर्डातल्या तरुण डॉक्टरबाईंनी लघवी तपासली आणि मला माझ्या भाषेत समजावलं, कारण मी विचारत राहिले. मूत्रपिंड म्हणजे गाळणी. गाळणीची भोकं सैल झाली की रक्तातलं प्रथिन लघवीतून निघून जातं. ते गेलं की पाणी रक्तात टिकत नाही, अंगात साचतं. म्हणून पोर फुगतं. लहान मुलांत हा विकार अनोळखी नाही. गोळ्या बराच काळ द्याव्या लागतात, मीठ कमी करावं लागतं, रोज लघवी तपासावी लागते. बहुतेक मुलं औषधाला चांगली जुमानतात. "आठ-दहा दिवस थांबलो असतो तर?" मी विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पोटात पाणी आहेच. त्यात संसर्ग झाला असता तर मग माझ्या हातात किती राहिलं असतं, सांगता येत नाही."

त्या वाक्यातले आठ-दहा दिवस कुणी सुचवले होते ते मी त्यांना सांगितलं नाही. साहेबांनी लेखी काही नको म्हटलं होतं.

रुद्र दोन आठवडे वॉर्डात होता. रेखा त्याच्याजवळ, ज्ञानेश्वर कंपनीतून सुटून येत असे. त्याचे खाडे तीनच झाले. चौथ्याच्या आत त्यानं पाळी बदलून घेतली. भाऊसाहेबांकडून कुणी फिरकलं नाही. संचालिकाबाईंचा मात्र फोन आला. रुद्रच्या पालकांचा नंबर हवा होता, जूनपासून प्रवेश चालू होतात म्हणून. मी सांगितलं, मुलगा दवाखान्यात आहे. त्या म्हणाल्या, "ओह. मग पुढच्या वर्षी बघू."

फेब्रुवारीच्या अखेरीस रुद्र अंगणवाडीत वजनाला आला. आधी मी माप ठेवलं. मग तो चढला. बारा किलो तीनशे. हनुवटी दिसत होती, पायाचे घोटे दिसत होते. औषधानं भूक वाढली होती, तरी पाणी उतरलं होतं. नोव्हेंबरातला रुद्र परत मिळाला होता, थोडा कमी. नसीमआपांनी आकडा ॲपमध्ये टाकला आणि आम्ही दोघी चहा प्यायलो. माझ्या नोकरीत घटलेल्या वजनासाठी चहा पहिल्यांदाच झाला.

मार्चमध्ये कार्यालयाचं पत्र आलं, नसीमआपांच्या नावानं, माझ्यामार्फत. सदर लाभार्थी बालकाचे वजन तीन किलो सहाशे ग्रॅमने घटल्याचे निदर्शनास आले असून ही बाब गंभीर आहे, सबब आपणाविरुद्ध कार्यवाही का करण्यात येऊ नये याचा खुलासा करावा. खाली सही साहेबांची. ज्या हातानं टाळ्या मागितल्या त्याच हाताची.

नसीमआपांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "सूजा तो इनाम, अच्छा हुआ तो नोटीस. ये कौनसा हिसाब है मॅडम?"

खुलासा मी लिहून दिला. सदर बालकाचे वजन घटले नसून त्याच्या अंगातील पाणी उतरले आहे, दवाखान्याचा कागद जोडला आहे. तो परत आला. ॲपमध्ये वजन घटण्याची कारणं ठरलेली आहेत: ताप, जुलाब, स्थलांतर, इतर. यांपैकी एक निवडावे. मी साहेबांच्या टेबलासमोर जाऊन बसले.

"साहेब, हा तोच मुलगा. पहिला नंबर."

त्यांनी आठवण्याचा प्रयत्न केला. त्यांना खरंच आठवला नाही. त्यानंतर त्यांच्या हातून आणखी दोन कार्यक्रम झाले होते.

"इतर टाका," ते म्हणाले. "आणि पुढच्या महिन्यात वजन वाढवून आणा, म्हणजे यादीतून नाव जाईल."

वजन वाढवून आणा. पोतं भरून आणा म्हटल्यासारखं. मी इतर टाकलं. आजही त्या मुलाच्या नावापुढं, तो ज्यातून वाचला त्या सगळ्याची नोंद एवढीच आहे: इतर.

आता बक्षिसाचं. एप्रिलमध्ये ज्ञानेश्वर भाऊसाहेबांच्या संपर्क कार्यालयात गेला. गोळ्या फुकट मिळत होत्या, पण येण्याजाण्याचा आणि वरचा खर्च होताच. जाताना मला म्हणाला, "चला म्हनत नाय मॅडम, नुसतं सांगून ठेवतो." मी तरी गेले. मला बघायचं होतं.

भाऊसाहेबांनी चहा मागवला, रुद्रची चौकशी केली, फार वाईट वाटल्याचं सांगितलं. मग म्हणाले, "पण ज्ञानेश्वरभाऊ, अडचण अशी झाली की स्पर्धा सुदृढ बालकांची होती. तुमचं पोरगं तर आजारी निघालं. आजारी मुलाला सुदृढ बालकाचं बक्षीस दिलं तर लोक काय म्हणतील? तत्त्वात बसत नाही."

"मग दुसऱ्या नंबरला दिलं का?" मी विचारलं.

"त्याला कसं देणार मॅडम? त्याचा दुसरा नंबर जाहीर झालाय."

तत्त्व पक्कं होतं. पहिला आजारी म्हणून त्याला नाही, दुसरा पहिला नाही म्हणून त्याला नाही. चहा मात्र चांगला होता. ज्ञानेश्वर बाहेर आला आणि गाडीला किक मारताना म्हणाला, "रिजेक्ट झालं म्हना ना." त्याच आठवड्यात त्यानं चेक घरातून काढला आणि अंगणवाडीत आणून दिला. टीव्ही दिसत नव्हता.

नसीमआपांनी तो मुलांच्या उंचीला भिंतीवर लावला. भाऊसाहेबांच्या फोटोवर फळांचा तक्ता चिकटवला. आकडे मोठे होते, ते तसेच ठेवले. अंगणवाडीसाठी अंकांचे तक्ते मागवून वर्ष झालं होतं, ते अजून आले नव्हते.

रुद्र जूनपासून रोज येऊ लागला. मधल्या महिन्यांत तो मागं पडला होता. गोळ्यांनी गाल पुन्हा गोल झाले होते, मुलं चिडवत, म्हणून बोलेना. वॉर्डातल्या सुयांमुळं कुणी हात धरला की आखडून घ्यायचा. नसीमआपांनी त्याला कसलाही अभ्यास दिला नाही. खडूची रेषा आखली आणि तिच्यावरून त्याला पाणी भरलेला पेला घेऊन चालायला लावलं. आधी सांडायचं. पुढं सांडेना. मग डाळी निवडायला दिल्या, चिमटीनं, म्हणजे बोटं मोकळी झाली. दर सोमवारी मोजे काढून घोट्यावर अंगठा दाबायचा, हे नसीमआपांनी सगळ्या मुलांना लावलं. आता तो खेळच झाला आहे. मुलं एकमेकांच्या पायांवर दाबतात आणि "नाय, नाय" असं मोठ्यानं सांगतात. कुठल्याही परिपत्रकात हे नाही, त्यामुळं अजून टिकून आहे.

जुलैत एके दिवशी मी तिथं असताना अमोल फ्लेक्सवाला आला. थर्मोकोलचा चेक त्यानंच बनवला होता. सहाशे रुपये बाकी होते. भाऊसाहेबांकडे खेटे घालून तो कंटाळला होता. तिथं त्याला सांगितलं गेलं होतं की माल अंगणवाडीत आहे, पैसे तिथं मागा.

"पैसे नसतील तर माल द्या," अमोल म्हणाला. "मागची बाजू कोरी हाय. वाढदिवसाला वापरतो."

"देख भाई, ये चेक नै, हमारा फळा है," नसीमआपा म्हणाल्या. "पढाई चालू है."

रुद्र तेव्हा भिंतीपाशी उभा होता. जानेवारीपासून जो चार शब्द नीट बोलला नव्हता, तो एकेका आकड्यावर बोट ठेवून वाचत होता. "पाच. भोपळा. भोपळा. एक." परत पहिल्यापासून. "पाच. भोपळा. भोपळा. एक."

ज्ञानेश्वर रात्रपाळी करून पोराला न्यायला आला होता. तो दारात उभा राहून ऐकत होता. त्यानं अमोलला विचारलं, किती. अमोलनं सांगितलं. त्यानं खिशातून पाचशेची एक आणि शंभराची एक अशा नोटा काढल्या.

"तुम्ही कशाला?" मी म्हटलं.

"राहू द्या मॅडम. बक्षीस आमचंच हाय ते."

जाहीर रक्कम: पाच हजार एक. प्रत्यक्ष अदा: सहाशे रुपये, अमोल फ्लेक्सवाल्यास. देणार, पहिल्या क्रमांकाचे वडील.